कलली नाही, म्हणून ठीक?

केनवडजवळ आमची जुनी स्टेशन वॅगन मागून दणके देऊ लागली. सामान भरलेलं, तरी गाडी समतल. मिस्त्रीकाकांनी मागचा भाग जोरात दाबला; हललाच नाही. म्हणाले, "उंची धरते, म्हणजे पंप बरा हाय. गोळ्यातला गॅस गेला." या सस्पेन्शनमध्ये पंपाचं तेल उंची सांभाळतं, धक्का सोसतो तो गोळ्यातला नायट्रोजन. तो गेला की तेल दबत नाही, गाडी कडक होते.

मला आई आठवली. घराचं ओझं तिनं कधी कलू दिलं नाही. हल्ली मात्र तिचं बोलणं टोचतं. मी त्याला स्वभाव म्हणून मोकळा झालो. जो कोसळत नाही, त्याची विचारपूस करायची जबाबदारी आपली नसते का? परतीच्या वाटेवर मी आधी तिला फोन लावला.