शून्याचे घर

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, तेव्हा जुगाराविषयी दोन शब्द लिहिल्यास वाचक रागावणार नाहीत. शकुनीला फासे लबाडीचे लागले. माँटे कार्लोच्या रुलेटला तेवढीही गरज नाही. चक्रावर घरे ३७ : १ ते ३६ आणि एक शून्य. आपला आकडा आला की एका नाण्याला ३५ मिळतात, शिवाय लावलेले नाणे परत. म्हणजे सर्व घरांवर एकेक नाणे ठेवणाऱ्याच्या हाती ३७ पैकी ३६ येतात. उरलेले एक चालकाचे. शेकडा सुमारे २.७.

१९१३ च्या ऑगस्टात तेथे काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. 'आता तरी लाल येईलच' म्हणत लोक लालवर पैसे ओतीत राहिले. चक्राला कसली आली आहे स्मरणशक्ती! दर फेरीला काळी घरे १८, लाल १८, शून्य एक.

यात फसवले कोणी? हिशेब तर शाळकरी पोरालाही जमावा. पण खेळणाऱ्याला वाटते, तो हिशेब इतरांसाठी आहे. आणि त्याला असे वाटते हे चालक पक्के जाणतो. काही लपवले नाही एवढ्यावर त्याला निर्दोष म्हणणे मला जड जाते. मोनॅकोच्या राज्यकर्त्यांनाही जात असावे. आपल्या नागरिकांना त्यांनी या दालनांत खेळण्यास कायद्याने मनाई केली आहे.