संस्थापकांचे ऋण

पूर्वजांनी उभारलेल्या संस्थेत वावरणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. ज्यांनी ती स्थापिली त्यांचा मान राखावयाचा, म्हणजे नेमके काय करावयाचे? त्यांनी घालून दिलेली घडी मोडू द्यावयाची नाही, हे एक उत्तर. त्यांचा हेतू ओळखून काळाप्रमाणे घडी बदलावयाची, हे दुसरे. दोन्ही उत्तरे सरळ दिसतात, आणि दोहोंतही धोका आहे.

चंदीगडच्या सेक्टर २२ मध्ये राहणाऱ्यास हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटत नाही. शहराच्या आरंभी वसलेल्या भागांपैकी हा एक. येथे सामान्य सरकारी नोकरांसाठी विटांची साधी घरे बांधली गेली. शहराचे मुख्य शिल्पकार ल कॉर्बुझिए यांनी भावी नागरिकांसाठी एक आज्ञापत्र लिहून ठेवले. शहरात व्यक्तींचे पुतळे नकोत, स्मरणासाठी योग्य जागी फलक पुरेत, असे त्यात आहे. आराखडा जपण्याचा भार मात्र त्यांनी नागरिकांवर टाकला. स्वतःचा गौरव नाकारावा, पण स्वतःची रेघ अढळ राहावी अशी इच्छा धरावी, हा संस्थापकाच्या मनाचा मोठा विलक्षण पेच होय. त्या बाजारात आज मोबाइल फोनांची दुकाने गजबजलेली आहेत. आराखड्यात ती कोठून असणार?

हाच पेच महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासात अधिक तीव्रतेने दिसतो. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे केंद्र झाले. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते या परंपरेच्या छायेत, आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी तिचीच सेवा केली. पण ख्रिस्ताची भक्ती मराठी माणसाने मराठी भजना-कीर्तनांतून करावी, परक्या पोषाखातून नव्हे, ही त्यांची तळमळ होती. १९१७ साली ते मिशनपासून दूर झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती.

ही कृतघ्नता होती काय? मला तसे वाटत नाही. टिळकांनी ऋण नाकारले नाही. दात्यांचा श्रद्धेचा ठेवा त्यांनी उराशी धरला, आणि दात्यांचे पालकत्व तेवढे खाली ठेविले. १९१९ साली ते वारले. दरबारही फार काळ टिकला नाही. पण त्यांची पदे मराठी उपासनेत गायिली जातात. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या त्या बाईंनी पतीच्या हस्तलिखितास हार घातला नाही, त्याच्यापुढे ओवी लिहिली. संस्थापकाच्या सन्मानाचा याहून सरळ मार्ग मला ठाऊक नाही.

तथापि, ‘हेतू राखून रूप बदलतो’ असे म्हणणाऱ्यांत स्वार्थी वारसही असतात. आपल्या सोयीला संस्थापकाचा हेतू म्हणून मिरविणे फार सोपे आहे. मग खरे नवेपण ओळखावे कसे? मला एक कसोटी सुचते: बदल करणाऱ्यास त्यासाठी स्वतःचे काही सोडावे लागले काय? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. प्रत्येकीस आपल्या संस्थापकांनी दिलेले वेगळे नाव आणि वेगळेपणाचा अभिमान सोडावा लागला. हा त्याग होता, म्हणूनच त्या बदलास वजन आले.

कचेरीत काम करणाऱ्यांना हे समजावयास कठीण नाही. फाइलीवर पूर्वीच्या माणसाची टिपणी असते; ती फाडता येत नाही, आणि केवळ तिच्याखाली सही ठोकून प्रकरण निकालात निघत नाही. ती वाचावी लागते, आजचे प्रकरण ध्यानी घ्यावे लागते, आणि आपल्या जबाबदारीवर आपले मत लिहावे लागते.

दूर प्रांतांत आपणही मराठी मंडळे चालवितो. तेथे संस्थापकांच्या तसबिरींना हार पडतात, ते योग्यच आहे. परंतु आपल्यातील किती जण बदली होण्यापूर्वी एखाद्या तरुणाच्या हाती किल्ली देतात, आणि त्याने खोलीतील खुर्च्या निराळ्या मांडल्या तर सहन करतात? संस्थापकांचे ऋण त्यांना परत करता येत नाही. ते पुढे येणाऱ्यांनाच फेडावयाचे असते.