पेल्याचा अर्ज

कंपवातामुळे हातात पेला ठरेना, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा कारागृहातील ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना नळीच्या पेल्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, ते निवर्तले. आपण हळहळलो; ते आपले, शिवाय निर्दोष, म्हणून. परंतु ते दोषी ठरले असते, तर पेला नाकारणे न्याय्य झाले असते काय? शिक्षेने स्वातंत्र्य जाते. तहान सर्वांची सारखीच राहते. हे आपल्याआधी एका कैद्यास उमगले होते. १९७९ साली तिहारमधील सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या बंद्याने दुसऱ्या कैद्याच्या अमानुष छळाविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने तेच याचिका म्हणून दाखल करून घेतले.