आवाज न उमटण्याचे कारण

संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला छळणाऱ्या अडचणींत एक अशी आहे की तिच्यात कोणतीच वस्तू बिघडलेली नसते. साउंड कार्ड दुसऱ्या संगणकावर उत्तम चालते, रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्डाबरोबर बिनतक्रार काम करते, आणि तरीही ही दोन एकत्र आली की आवाज उमटत नाही, किंवा उमटला तरी मध्येच तुटतो, करकरतो. अशा वेळी कार्ड विकणारा सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतो आणि सॉफ्टवेअरवाला कार्डाकडे. दोघांच्याही उत्तरामागे एक तात्त्विक गृहीत आहे, ते असे की कार्य घडवण्याचे सामर्थ्य वस्तूच्या आत वसते, आणि म्हणून कार्य घडले नाही तर कुणाचे तरी सामर्थ्य उणे पडले असले पाहिजे. हे गृहीत टिकते का, हा मीमांसक आणि नैयायिक, म्हणजे मीमांसा आणि न्याय या दर्शनांचे अनुयायी, यांच्यातील जुना वाद आहे, आणि अशा अडचणींचा उलगडा करताना त्याची जितकी मदत होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल.

वादाचे उदाहरण अग्नीचे आहे. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की तोच अग्नी जाळेनासा होतो आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. मीमांसकांचे, विशेषतः प्राभाकरांचे, म्हणजे प्रभाकराच्या अनुयायांचे, म्हणणे असे की अग्नीच्या रूपात किंवा उष्णतेत काहीच फरक पडत नसताना दाह थांबतो, त्या अर्थी अग्नीत दाहाची एक अदृश्य शक्ती मानावी लागते आणि मण्यामुळे ती नष्ट होते किंवा कुंठित होते. नैयायिकांना ही शक्ती अनावश्यक वाटते. त्यांच्या मते कार्य एका वस्तूमुळे घडत नाही, तर सामग्रीमुळे, म्हणजे सर्व कारणांच्या एकत्र येण्यामुळे घडते, आणि कार्याला अडवणारी वस्तू तिथे नसणे, ज्याला ते प्रतिबंधकाभाव म्हणतात, हाही त्या सामग्रीचा घटक आहे. जे मुळात नाही ते कारण कसे होईल, या आक्षेपाला नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर मार्मिक आहे: अभाव जर कार्य होऊ शकतो, जसा घडा फुटल्यावर त्याचा नाश, तर तो कारण होण्यास हरकत काय? काही नैयायिकांनी तर ईश्वर, दिशा, काल आणि अदृष्ट (पूर्वकर्मांचा न दिसणारा परिणाम) या सर्व कार्यांना समान असलेल्या कारणांच्या पंक्तीत प्रतिबंधकाभावाला बसवले आहे.

ध्वनिमुद्रणाच्या सामग्रीतला असा एक घटक म्हणजे ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये सर्व प्रोग्रॅमचे आवाज एरवी एका सामाईक मिक्सरमधून एकत्र होऊन कार्डाकडे जातात आणि त्यात वेळ जातो. तो वाचवण्यासाठी हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ ही पद्धत आणली, जिच्यामुळे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर हा मिक्सर टाळून थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलते. मात्र असे अनेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला दाद देतात. पार्श्वभूमीला दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कार्ड आधीच धरून ठेवले असेल, तर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर ‘कार्ड सापडत नाही’ असे सांगते, आणि तो प्रोग्रॅम बंद करताच कार्ड सापडते. मधल्या काळात कार्डाची कोणतीही शक्ती नष्ट झालेली नसते आणि परतही आलेली नसते.

याहून सूक्ष्म प्रकार करकरीचा आहे. संगणक आवाज थेंबाथेंबाने न हाताळता सॅम्पलच्या, म्हणजे आवाजाच्या सूक्ष्म मोजमापांच्या, गठ्ठ्यांनी हाताळतो, आणि हा गठ्ठा जिथे साठतो त्या जागेला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या दराने ६४ सॅम्पलचा बफर सुमारे १.३ मिलिसेकंदात संपतो, म्हणून तेवढ्या वेळात प्रोसेसरने पुढचा गठ्ठा तयार ठेवलाच पाहिजे. वाय-फायच्या ड्रायव्हरने मध्येच दोन मिलिसेकंद प्रोसेसर अडवला, तर गठ्ठा वेळेवर पोचत नाही आणि त्या पोकळीचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. वाय-फाय बंद केल्यावर टक्टक थांबणे आणि चालू केल्यावर परत येणे, हीच अन्वय-व्यतिरेकाची परीक्षा: एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे. पण वाय-फाय तसेच चालू ठेवून बफर ५१२ सॅम्पलचा केला, तरीही टक्टक थांबते, कारण आता हाताशी सुमारे १०.७ मिलिसेकंद असतात. प्रतिबंधक जागेवर आहे आणि कार्यही घडते आहे. मग प्रतिबंधकाचा अभाव हे कारण कसे म्हणायचे? नैयायिकांनी ही अडचण आधीच ओळखली होती. मणी असतानाही अग्नीला जाळू देणाऱ्या वस्तूला त्यांनी उत्तेजक म्हटले आणि कारणाचे स्वरूप अधिक काटेकोर केले: नुसता मण्याचा अभाव नव्हे, तर उत्तेजक नसताना जो मणी अडवतो त्याचा अभाव. मोठा बफर हा अक्षरशः असा उत्तेजक आहे, फक्त तो फुकट मिळत नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाचा विलंब मिळून वीस मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून ऐकू आल्याने गायकाची लय डळमळते.

सॅम्पल-दराच्या घोळात मात्र अडवणारे असे काहीच सापडत नाही. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने मुद्रित केलेले गाणे ४८,००० वर लावलेल्या कार्डाने तसेच वाजवले, तर काळी एक या पट्टीत गायलेले गाणे पांढरी दोनच्याही वर, काळी दोनच्या खाली कुठेतरी जाऊन बसते आणि लयही वाढते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. उणीव आहे ती दोघांच्या मेळाची, आणि तो मेळ कार्डात शोधून मिळत नाही, सॉफ्टवेअरमध्येही नाही. सामग्रीचा विचार इथे शक्तीच्या विचारापेक्षा सरळ सरस ठरतो.

मीमांसकांचा एक आक्षेप तरीही गंभीरपणे घ्यावा लागतो. वस्तू मोजक्या असतात, अभाव अगणित. संगणकात त्या क्षणी हजारो गोष्टी नाहीत, मग त्यांतला नेमका कोणता अभाव कारण मानायचा? न्यायाचे उत्तर असे की प्रत्येक अभाव हा कशाचा तरी अभाव असतो, ज्याचा अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि ज्या प्रतियोगीच्या असण्याने कार्य अडल्याचे प्रत्यक्ष दिसले आहे त्याचाच अभाव कारणांत मोजायचा. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, आणि ती पुन्हा पूर्ववत करून करकर परत येते का हे तपासणे, यावाचून ज्ञान होत नाही. घाईने सगळी ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्याने टाकणारा एकाच फटक्यात शेकडो अभाव निर्माण करतो. आवाज येतो हे खरे, पण कोणता प्रतियोगी दूर झाला हे त्याला सांगता येत नाही, आणि महिन्याभराने एखाद्या अपडेटबरोबर तीच करकर परतली की त्याला सारे पुन्हा पहिल्यापासून पुसावे लागते.