कासरा

रेणुकामातेच्या चांदवडजवळ एका मळ्यात रात्री चोरी झाली. कांद्याच्या पट्टीचे पैसे कपाटात ठेवले होते, ते गेले.

सकाळी हवालदार आला, तेव्हा ओट्यापुढे माणसं जमली होती. आदल्या संध्याकाळी पाऊस शिंपडून गेला होता. खिडकीखालच्या ओल्या मातीत एक पाऊल उमटलं होतं. हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं. गोठ्यात बैलाचा कासरा टांगलेला होता. गड्याने तो काढून दिला. लिंबापासून खांबापर्यंत कासरा बांधून हवालदार म्हणाला, "नाशिकहून ठसे घेणारे येईपर्यंत कुणी आत यायचं नाही."

थोड्या वेळाने एक तरुण वार्ताहर मोटारसायकलवरून आला. मोबाइल काढून तो कासऱ्याखाली वाकला.

"काका, एकच फोटो. लगेच बाहेर येतो."

"मागं बघ जरा," हवालदार म्हणाला.

मागे वीसपंचवीस माणसं वाकायच्या बेतात उभी होती. वार्ताहर थांबला, पण त्याचं तोंड उतरलं.

हवालदार समजुतीने म्हणाला, "२००८ साली मुंबईत अतिरेकी हल्ला झाला, तेव्हा ताज हॉटेलबाहेर कॅमेरे लागले होते. आपले जवान काय करताहेत, ते घरोघरी दिसत होतं. आतल्या अतिरेक्यांना सीमेपलीकडून फोनवर सांगणारेही तेच बघत होते. २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. २०१५ ला नियम झाला, की अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना ती थेट दाखवायची नाही."

"ठाऊक आहे. पण त्याच नियमात असंही आहे, की नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी माहिती द्यायची. मी थांबतो काका, पण तुम्ही बाहेर येऊन सांगणार का?"

हवालदार काही बोलला नाही.

ठसे घेणारे आले, साहेब आले, पंचनामा सुरू झाला. ऊन चढलं. बाहेर कुजबुज वाढली. "घरचा भेदीच असणार," कुणी म्हणालं, आणि सगळ्यांचे डोळे गड्याकडे वळले. तो लिंबाखाली मान खाली घालून बसला.

वार्ताहराचा फोन वाजला. "गड्याचं नाव सगळीकडे फिरतंय. तुझी बातमी कुठे आहे?"

त्याने फोन खिशात ठेवला आणि हाक मारली, "काका, तुम्ही बोलला नाहीत तर हीच माणसं बोलतील."

हवालदाराने गड्याकडे पाहिलं. आत जाऊन तो साहेबांशी बोलला आणि कासऱ्यापाशी आला. साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चोरी झाली आहे. तपास चालू आहे. कुणालाही ताब्यात घेतलेलं नाही. संशयित म्हणून आम्ही कुणाचंही नाव घेतलेलं नाही."

वार्ताहराने तेवढंच लिहिलं.

संध्याकाळी गडी कासरा सोडायला उठला. दुसरं टोक वार्ताहराने सोडून दिलं.

चार दिवसांनी चोर सापडला. तो परगावचा होता. मातीतलं पाऊल त्याच्या पावलाशी जुळलं. गडी मात्र दुसऱ्याच दिवशी, नेहमीसारखा, मळ्यात कामाला आला होता.

कासरा बैलाला आवरतो, तसा धरणाऱ्याचा हातही गुंतवून ठेवतो. बाहेरच्याने आत पाय टाकू नये आणि आतल्याने बाहेर येऊन सांगायला विसरू नये. दोघांपैकी एकजण जरी चुकला, तरी कासरा भलत्याच्याच गळ्यात पडतो.