लांबून दिसणारी निवडणूक

५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं आणि २० तारखेला जुन्नर-आंबेगावात विधानसभेसाठी. त्या पंधरवड्यात मराठी वृत्तपत्रांतली अमेरिका म्हणजे ट्रम्प, हॅरिस आणि आपल्या मुलांच्या व्हिसाचं काय होणार ही काळजी. हॅरिस यांच्या आजोबांच्या तुलसेंद्रपुरम गावातली पूजाअर्चाही आपण वाचली. आयोवातला सोयाबीन पिकवणारा शेतकरी मात्र क्वचितच भेटला. २०१८ मध्ये व्यापारयुद्ध पेटलं, चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, भाव पडले, सरकारला भरपाई द्यावी लागली; तरीही २०२० मध्ये आणि २०२४ मध्येही आयोवा ट्रम्प यांच्याच मागे उभं राहिलं. का, हे समजून घ्यायची खरी ओढ ओतूर-आळेफाट्याच्या कांदा उत्पादकाला असती. सरकारचा एक निर्णय शेतातल्या मालाचं काय करतो, हे त्याने सोसलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि महिना संपायच्या आत शिवनेरीहून पुण्याकडे शेतकऱ्यांचा आक्रोश मोर्चा निघाला. बंदी उठली ४ मे २०२४ ला. इथल्या शिरूर लोकसभेचं मतदान १३ मेला होतं.

परदेशी पत्रकारांनी ती लोकसभा निवडणूक बहुतांशी एका नेत्यावरचा कौल म्हणून मांडली. त्याला मी आळस म्हणणार नाही. दूरच्या वाचकाला चेहरा ओळखता येतो, बाजार समिती ओळखता येत नाही. पण अशा बातमीतून कोण जिंकलं एवढंच हाती लागतं.

नोव्हेंबरात विधानसभेला आंबेगावात दिलीप वळसे पाटील १,५२३ मतांनी निवडून आले, आणि प्रतिस्पर्धी देवदत्त निकम यांच्याच नावाच्या एका अपक्षाला त्याहून जास्त मतं पडली. मंचरात याची चर्चा व्हायला पत्रकार लागला नाही. २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले. पाम बीच काउंटीतल्या मतपत्रिकेची मांडणी इतकी गोंधळाची होती की त्यांचे प्रतिस्पर्धी गोर यांची बरीच मतं ब्युकॅनन या दुसऱ्याच उमेदवाराला गेली, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. तिथला गोंधळ मंचरकराला लगेच उमगेल. तो त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोचायला हवा.

बाहेरून आलेल्यालाही एखादा मुलूख कळू शकतो: जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे परदेशी लोकांचे, दानलेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप. या मुलखात पावसाळा धो धो बरसतो आणि उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो. इथे टाकं द्यावं हे सुचायला माणूस दोन्ही ऋतूंत इथे असावा लागतो, असं मला ते लेख वाचताना वाटतं. प्रचारसभा गाठून परतणाऱ्या वार्ताहराला तेवढी सवड नसते.

आपल्याकडे मात्र ती सवड असलेली माणसं आहेत. मिशिगनमध्ये, टेक्सासमध्ये मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. शाळा मंडळाची निवडणूक, घरपट्टी, दवाखान्याचं बिल यांवरून शेजारी काय बोलतात ते रोज ऐकतात. मराठी संपादकांनी २०२८ च्या निवडणुकीची बातमी त्यांच्याकडून आत्तापासून मागवायला हवी.