शिडी आणि मजले

अधिकारस्तरांना जोडणाऱ्या साखळीसाठी इंग्रजीत ‘स्केलर’ हे विरळ विशेषण आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील शिडीवाचक शब्दात. आंरी फायोल यांच्या १९१६ सालच्या प्रशासनविचाराच्या इंग्रजी अनुवादात ते आढळते. या शिडीवरून आज्ञा उतरते, वृत्तांत चढतो. माणूसही चढू शकतो काय, हा मात्र नैतिक प्रश्न आहे. १९२० साली ‘मूकनायका’च्या पहिल्या अंकात डॉ. आंबेडकरांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. तेथे जन्माने मिळालेला मजला गुणांनी बदलत नाही. म्हणून हा शब्द शिकणाऱ्याला केवळ कोशातील अर्थ पुरत नाही. जोडणारी श्रेणी आणि कोंडणारी श्रेणी यांतील भेद विसरून तो योजणे म्हणजे अन्यायाला व्यवस्थेची प्रतिष्ठा देणे होय.